सरजाबाईचं बयान

सरजाबाई सोनकांबळे तेलुगू शिकली ती गुडघाभर चिखलात उभी राहून. तिचं माहेर बिलोलीच्या अंगाला, मांजरेच्या काठावर. नदीपलीकडं बोधनची भातशेतं. इकडं ज्वारीच्या मुलखात हाताला काम नसलं की तिची माय पार्वतीबाई गावातल्या चार बायांबरोबर नदी ओलांडून भातलावणीला जायची आणि लेकीलाही सोबत न्यायची. तिथं गाणी तेलुगूत, शिव्या तेलुगूत आणि बांधावरची भांडणंही तेलुगूत. दोन-तीन हंगामांत पोर अशी बोलायला लागली की तिकडच्या बाया तिला आपल्यातलीच समजायच्या. या भाषेचा पुढं काही उपयोग होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. छप्पन सालानंतर घरानं धम्मदीक्षा घेतली, पोरीला चार यत्ता शाळा मिळाली, आणि मग लग्न होऊन ती उदगिरात आली. नवरा मोंढ्यात हमाल. माणूस भला होता, पण छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. सरजाबाई दवाखान्यात झाडलोट करू लागली.

त्या दवाखान्यात सरोजिनीबाईंनी तिला हेरलं. सरोजिनीबाई म्हणजे उदगीरच्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पांढरं सुती लुगडं, पायात पुरुषी वहाणा, आणि गावातला एकही माणूस त्यांना एकेरीत हाक मारायला धजायचा नाही. नोकरी संपल्यावर त्यांनी श्रमसाथी मंडळ काढलं होतं. आंध्राकडून, बिदरकडून मजूर यायचे. विहिरी खोदणारे, दगड फोडणारे, रस्त्यावर खडी टाकणारे. गावाबाहेर पालं टाकून राहायचे. त्यांना ना रेशन मिळायचं, ना दवाखान्यात कुणी नीट विचारायचं, ना मुकादमानं मजुरी बुडवली तर तक्रार करता यायची, कारण इथली भाषाच यायची नाही. मंडळ त्यांचं हे सगळं बघायचं. पण मंडळातल्या कुणालाही तेलुगूचा गंध नव्हता. दवाखान्याच्या ओसरीत आंध्रातल्या पालमूरकडच्या, तापानं फणफणलेल्या एका बाईशेजारी बसून सरजाबाई तिची विचारपूस करत होती, तेव्हा सरोजिनीबाई दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला मंडळात बोलावून घेतलं.

तिथून सरजाबाईचं आयुष्य फिरलं. पालावरच्या बाळंतिणीपासून तहसीलच्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या मधे ती. पालावर तिला अक्का म्हणायचे. सरोजिनीबाईंनी तिला पायात चपला, हातात घड्याळ आणि खुर्चीवर बसायची सवय लावली. आपल्या मायनंतर आपल्याला माणसात आणलं ते बाईंनी, असं सरजाबाई उघड म्हणायची.

मंडळात आणखी एक होता रेणुकादास. नांदेडचा, रेल्वे कचेरीतल्या बाबूचा मुलगा. बांधकामाचा डिप्लोमा घेतलेला, पंचविशीतला, अंगानं किरकोळ. घरच्यांनी लावून दिलेली नोकरी सोडून तो गरिबांसाठी काही करायचं म्हणून आला होता, आणि खरोखरच करायचा. मजुरांबरोबर बसून भाकरी खायचा, आजारी माणसाला स्वतःच्या लुनावर बसवून दवाखान्यात न्यायचा. तेलुगू मात्र त्याला येत नव्हती. कुणी काही बोलायला लागलं की तो हसून मान हलवायचा, हाव हाव म्हणायचा. कुणाचं मन मोडायचं त्याच्या जिवावर यायचं. मजुरांना वाटायचं, साहेबाला आपलं सगळं कळतं.

ज्या वर्षी लातूर जिल्हा झाला, त्या वर्षी पाऊस रुसला होता. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, सोयाबीन कुणी फारसं ओळखत नव्हतं तेव्हा, पण उडीद-मूग जमिनीतून वर आले आणि वाळून गेले. श्रावण लागला तरी नाल्यांना पाणी नाही. बोरवाडी नावाच्या गावाची सार्वजनिक विहीर तळाला लागली, तेव्हा गावानं मंडळाकडं धाव घेतली. मंडळानं विहीर खोल करायचं काम घेतलं आणि पालमूरकडून नुकतेच आलेले वडार त्या कामावर लावले. त्यांचा म्होरक्या शिवप्पा. त्याचा धाकटा भाऊ व्यंकटी, उंचापुरा, पहार धरली की खडकालाही घाम फोडणारा. व्यंकटीची बायको लक्ष्मम्मा आणि त्यांच्या दोन लहान पोरी. यांच्यातल्या कुणाला दहा शब्दसुद्धा मराठी येत नव्हती. म्हणून सरजाबाई बोरवाडीच्या शाळेच्या पडवीत मुक्काम ठोकून होती. दिवसभर विहिरीच्या काठावर बसायची. वरचं खाली सांगायची, खालचं वर.

पहारीनं खडकाला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती पेटवून वर यायचं आणि बार मोजायचे, अशी ती पद्धत. जितके भरले तितके उडाले पाहिजेत. एखादा मुका राहिला तर विहिरीत कुणी उतरायचं नाही, उदगिराहून परवानावाला माणूस येऊन तो निकामी करेपर्यंत काठावर काटेरी फांद्या टाकून ठेवायच्या, हा मंडळाचा नियम. रेणुकादासनं तो स्वतः घातला होता. सरजाबाईनं तो पालावरच्या पोराटोरांनाही पाठ करून दिला होता.

ऑगस्टच्या मध्यावर लातूरला नव्या जिल्ह्याचा सोहळा होता. उदगीरकरांना तोवर प्रत्येक कामासाठी उस्मानाबादला जावं लागायचं. सरजाबाईनंही मजुरांच्या तक्रारी घेऊन ते हेलपाटे घातले होते. आता जिल्हा एवढा जवळ आला म्हटल्यावर तिला आपल्याच घरातलं लग्न असल्यासारखं झालं. मंडळाच्या बायांनी फलक घेऊन मिरवणुकीत चालायचं ठरलं, आणि सरोजिनीबाईंनी तिलाही बोलावलं. शिवप्पा म्हणाला, जा अक्का, एका दिवसाचं काय. लक्ष्मम्माच्या पोरींनी तिचा पदर धरून बुंदी आणायला सांगितलं.

सोहळा मोठा झाला. कमानी, लेझीम, मंत्र्यांची भाषणं. सरजाबाई इतकी चालली की पाय सुजले. रात्री बाया एका ओळखीच्या घरी टेकल्या आणि सकाळच्या एसटीनं ती एकटी परत निघाली. हातात बुंदीची पुडी. गाडीत सगळे नव्या जिल्ह्याचंच बोलत होते.

बोरवाडीच्या फाट्यावर उतरली तेव्हा दगडोबा बैलगाडी घेऊन उभा होता. रोज पिंपानं पाणी वाहणारा गावातला म्हातारा. आज गाडीत पिंप नव्हतं. तो तिच्याकडं न बघता बैलांच्या शिंगांकडं बघत म्हणाला, "बाई, हिरीत मानूस गेला."

सरजाबाईला आधी कळलंच नाही. तिनं विचारलं, कोण पडलं? दगडोबानं मान हलवली. पडला नाही, बार उडाला, म्हणाला. त्या तेलंग्यांतला, उंचेला होता तो.

ती गाडीत बसली. पुढं लोकांनी तिला खूपदा विचारलं की त्या रस्त्यानं जाताना मनात काय आलं. तिला फक्त एवढंच आठवायचं की एका शेतात कुणीतरी कुळव धरून राहिलं होतं आणि तिला त्याचा राग आला. आज कसा काय कुळव धरतो हा?

विहिरीपाशी सगळं गाव जमलेलं होतं आणि तरी आवाज नव्हता. बाभळीखाली गोधडी पांघरून व्यंकटीला ठेवला होता. गोधडी आखूड पडली होती आणि त्याचे पाय बाहेर होते. लक्ष्मम्मा उशाशी बसली होती. ती रडत नव्हती. गोधडीवर पुन्हा पुन्हा बसणारी माशी ती हातानं उडवत होती, जशी निजलेल्या माणसावरची उडवतात. सरजाबाई जवळ जाऊन बसली तरी तिनं वर पाहिलं नाही.

पोरींनी मात्र अक्काला पाहिलं आणि त्या धावत आल्या. धाकटीनं हातातल्या पुडीकडं बोट दाखवून विचारलं, "बुंदी?"

सरजाबाईनं पुडी सोडून त्यांच्यापुढं धरली. काय करायला हवं होतं ते तिला सुचलंच नाही. पोरी तिथंच बापाच्या पायांपाशी बसून बुंदी खाऊ लागल्या. मोठीनं चार दाणे आईच्या हातावर ठेवले. लक्ष्मम्मानं ते मुठीत धरले आणि तशीच बसून राहिली. गावातल्या दोन बायांनी तोंडाला पदर लावून पाठ फिरवली. सरजाबाईला आपलेच हात दुसऱ्या कुणाचे असावेत असे वाटायला लागले.

थोड्या अंतरावर दगडाच्या ढिगाला टेकून रेणुकादास बसला होता. अंगभर धूळ, सदऱ्याला रक्त. त्यानंच दोरानं खाली उतरून व्यंकटीला वर काढलं होतं, असं कुणीतरी सांगितलं. सरजाबाई त्याच्यापुढं उकिडवी बसली. तो तिला बघून बोलायला लागला आणि तेच तेच बोलत राहिला.

"मी विचारलं होतं त्यांना, बाई. काल संध्याकाळी मुद्दाम आलो. तुमच्याबिगर कसं निभावलं म्हणून शिवप्पाला विचारलं. तो म्हणला, एकट्यानं पेललं. मी शाब्बास म्हणलो. बरोबर बोलला होता तो, मी नीट ऐकलं."

सरजाबाई म्हणाली, "तेलुगूत काय म्हणला? त्याच्या तोंडचं सांगा."

रेणुकादासनं डोळे मिटले आणि कानात राहिलेला आवाज आठवून म्हटला. "ओकटी पेलले... पेललेदु. असंच."

"पेललेदु?"

"हाव. पेललेदु."

सरजाबाईच्या कानात वारं भरल्यासारखं झालं. ओकटी पेललेदु. एक उडला नाही. एवढाच त्याचा अर्थ, दुसरा कुठलाही नाही. शिवप्पानं जे सांगायला हवं होतं तेच आणि तेवढंच सांगितलं होतं. आणि रेणुकादासच्या मराठी कानाला त्यात ऐकू आलं एकट्यानं पेललं, म्हणजे तुमच्याशिवाय एकट्यानं सांभाळलं. ज्या प्रश्नाचं उत्तर तो शोधत होता तेच त्याला ऐकू आलं, आणि त्यानं आनंदानं शाब्बास म्हटलं.

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं. व्यंकटीनं जेवण केलं होतं का, असं तो आता विचारत होता. उपाशी तर गेला नाही ना.

ती उठली आणि शिवप्पाकडं गेली. तो विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसला होता आणि दोघंजण त्याला मागून धरून होते. त्यानं थंड आवाजात सगळं सांगितलं. काल बार मोजले, एक कमी भरला. साहेब आला तेव्हा त्याला सांगितलं. साहेबानं ऐकून घेतलं, हसला, पाठीवर थाप मारली, विहिरीकडं हात करून सकाळी उतरा, दगड काढा, अशी खूण केली. रात्री चुलीपाशी आपसांत वाद झाला. कुणी म्हणालं उतरू नये. शिवप्पा म्हणाला, साहेब शिकलेला आहे, त्याला ठाऊक असल्याशिवाय तो सांगेल का? व्यंकटीचं मन मात्र खात होतं. सकाळी तो म्हणाला, तुम्ही सगळे वर थांबा, आधी मी एकटा जाऊन बघतो. म्हणून एकटाच गेला.

"नियम तूच सांगितला होतास, अक्का," शिवप्पा म्हणाला. "आम्ही सांगितलं. मग असं का झालं?"

एक माणूस इकडं बसला होता ज्याला वाटत होतं आपल्याला सांगितलंच नाही, एक तिकडं बसला होता ज्याला वाटत होतं साहेबानं जाणूनबुजून उतरवलं, आणि दोघांच्या मधल्या तेवढ्याशा जागेत ती एकटी उभी होती.

दुपारच्या आत मंडळाच्या जीपमधून सरोजिनीबाई आल्या. पाठोपाठ पोलीस पाटलाला घेऊन जमादार आला. जमादार पंच गोळा करत होता तेवढ्यात सरजाबाईनं बाईंना शाळेच्या भिंतीआड नेलं आणि जे कळलं होतं ते सांगितलं. सरोजिनीबाई ऐकता ऐकता भिंतीला धरून खाली बसल्या. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "सरजा, आज हे बोलू नकोस."

सरजाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"व्यंकटी गेला, तो काही परत यायचा नाही," बाई म्हणाल्या. "पण हा पोरगा तुरुंगात जाईल. मंडळ बंद पडेल, मग या लोकांकडं कोण बघणार आहे? लक्ष्मम्माला मी जन्मभर अंतर देणार नाही. तुझ्याशिवाय इथं कुणाला कळतं आहे?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. लक्ष्मम्माला त्यांनी खरंच अंतर दिलं नसतं. म्हणूनच सरजाबाई हादरली. व्यंकटीला बघून पायाखालची जमीन सरकली होती, पण कुठंतरी खाली पाय टेकायला बाई आहेत असं तिला वाटत होतं. आता तेही उरलं नाही. तिनं पदर सारखा केला आणि बाहेर आली.

जमादार शाळेच्या पायरीवर बसला होता. वयस्कर माणूस, घामानं भिजलेला, लवकर उरकून जायच्या घाईत. त्यानं आधी रेणुकादासचं बयान घेतलं. रेणुकादासनं त्याला जे खरं वाटत होतं ते सांगितलं. जमादार म्हणाला, म्हणजे बार राहिला ते या लोकांनी तुम्हाला सांगितलंच नाही. रेणुकादास म्हणाला, नाही सांगितलं. जमादारानं मान डोलावली. अडाणी लोक, बेपर्वाई करतात, असं काहीसं पुटपुटला आणि मग शिवप्पाला पुढं बोलावलं. "ह्याचं बयान कोन सांगनार?"

सगळ्यांनी सरजाबाईकडं पाहिलं.

शिवप्पा बोलला. एकच वाक्य बोलला, आणि थांबला. मघाशी तिला सांगितलं होतं तसंच, शब्द न बदलता. तो बोलायचा थांबल्यावर जी शांतता पडली ती सरजाबाई पुढं कधी विसरली नाही. शंभर माणसं उभी होती, आणि शिवप्पा काय म्हणाला हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ती जे म्हणेल तेच तो म्हणाला असं होणार होतं. सरोजिनीबाई दारात उभ्या होत्या आणि तिच्याकडं बघत होत्या. लक्ष्मम्मानंही पहिल्यांदाच मान वर केली होती.

सरजाबाई म्हणाली, "त्यो म्हनतो, एक बार उडला न्हाई असं मी काल साहेबाला सांगितलं."

जमादाराचा हात थांबला. रेणुकादास तिच्याकडं वळला, रागानं नव्हे, ऐकू न आल्यासारखा.

"कधी?" त्यानं विचारलं.

"काल सांजंला. तुमी शाब्बास म्हनलाव तवा." ती थांबली नाही. "पेललेदु म्हंजी उडला न्हाई. पेललं न्हाई त्ये. उडला न्हाई."

रेणुकादासनं तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. एकदा, मग पुन्हा. त्याच्या चेहऱ्यावर तो अर्थ पोचताना सगळ्यांनी पाहिलं. त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, ज्या हातानं पाठीवर थाप मारली होती त्या हाताकडं, आणि तो हात कुठं ठेवावा हे न कळून छातीशी धरला. जमादारानं त्याला विचारलं की हे खरं आहे का, आधी तुम्ही वेगळं बोललात.

"लिहा," शेवटी तो म्हणाला. "त्यानं सांगितलं होतं. मला कळलं न्हाई."

त्यानंतर लक्ष्मम्मा रडली. ते रडणं नव्हतं, घशातून एकच लांब आवाज निघाला आणि पोरी घाबरून सरजाबाईला बिलगल्या. संध्याकाळी व्यंकटीला गावाबाहेरच्या माळावर पुरलं. परत येताना सरजाबाईनं लक्ष्मम्माच्या खांद्याला आधार द्यायला हात पुढं केला, तेव्हा ती बाजूला सरकली आणि म्हणाली, "नुव्वु लेवु, अक्का." तू नव्हतीस, अक्का.

एवढंच म्हणाली. त्यात ना शिवी होती, ना दूषण. पण त्या दिवसातल्या सगळ्या घावांत सरजाबाईला हाच खोल लागला, कारण ते नुसतं खरं होतं.

मंडळ बुडालं नाही. खटला मात्र चालला. रेणुकादासनं वकील दिला नाही, सगळं कबूल केलं. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची शिक्षा झाली. सरजाबाई त्या दिवशी कोर्टात गेली होती. कोर्ट उठलं, शिपायानं खिडक्या लावल्या, तरी तो बाकावरून उठेना. शिक्षा संपली हे त्याला कळत नव्हतं की उठवत नव्हतं, कोण जाणे. अखेर तिनंच दंडाला धरून त्याला बाहेर आणलं. खटला चालू असताना तो रोज लक्ष्मम्माच्या पालापर्यंत जायचा आणि लांब उभा राहून परत यायचा. कधी पीठ ठेवून यायचा, कधी पोरींचे कपडे. ती बोलायची नाही. निकालानंतर एक दिवस तिनं सरजाबाईला हाक मारून त्याला सांगायला लावलं, तुझी आई वाट बघत असेल, घरी जा. त्यानं ते ऐकलं, लक्ष्मम्मापुढं जमिनीला हात लावला आणि नांदेडला निघून गेला. तो मंडळात पुन्हा आला नाही. रेल्वेत कुठंशी लागल्याचं पुढं कळलं.

सरोजिनीबाईंनी सरजाबाईला कामावरून काढलं नाही. पण कित्येक महिने त्या तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. मंडळातले काहीजण तर उघड म्हणायचे की हिनं पोराला बुडवलं, जरा जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं. संक्रांतीच्या सुमारास एक दिवस बाई स्वतः तिच्या खोलीवर आल्या. सरजाबाईनं चहा ठेवला. बाई कपाकडं बघत म्हणाल्या, "मी तुला तसं सांगायला नको होतं." सरजाबाई म्हणाली, "मला अजून खरं वाटत न्हाई, तुमी तसं म्हनलाव म्हनून." त्यापुढं दोघीही त्याबद्दल बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यापासून मंडळातल्या प्रत्येकानं रोज दुपारी सरजाबाईपुढं बसून तेलुगू शिकायची असं बाईंनी ठरवलं, आणि सगळ्यांत आधी स्वतः पाटी घेऊन बसल्या. साठी उलटलेल्या त्या बाईंच्या जिभेला काही ती भाषा वळली नाही, पण शेवटपर्यंत त्यांनी एकही दुपार चुकवली नाही.

बोरवाडीची विहीर दुसऱ्या टोळीनं पुरी केली. पाणी लागलं. सुरुवातीला गावातल्या बायांनी ते तोंडाला लावलं नाही. उन्हाळा तापला तसं मग लावलं.

लातूरला नव्या कचेऱ्या उठत होत्या, दगड पुरत नव्हता. दुसऱ्या वर्षी शिवप्पाची पालं तिकडं गेली आणि मंडळानं सरजाबाईला त्यांच्याबरोबर धाडलं. खाणीच्या तोंडाशी पत्र्याच्या खोपट्यात ती राहायची. लक्ष्मम्मा तिथं खडी फोडायची. बोलायची, पण कामाचं तेवढंच. पोरींना मात्र सरजाबाईकडं येऊ द्यायची.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, लक्ष्मम्मा आपण होऊन खोपट्याच्या दारात येऊन बसली. बराच वेळ तळहातावरचे फोड चाचपत राहिली. मग म्हणाली, अक्का, मला मराठी शिकव. सरजाबाईला वाटलं बाजाराहाटासाठी हवी असेल. मीठ, तेल, भाव, असं काहीतरी ती सांगायला लागली. लक्ष्मम्मानं तिला थांबवलं.

बाजारातली नको, म्हणाली. साहेबापुढं बोलायची हवी. तू नसशील तेव्हा बोलायची.

सरजाबाईनं तिला विचारलं, पहिलं काय शिकायचं? लक्ष्मम्मानं ते आधीच ठरवलेलं होतं. सरजाबाईनं एकेक शब्द तोडून सांगितला आणि ती म्हणत गेली. जीभ अडखळायची, ळ-ण चुकायचे, पण सुट्टी संपल्याची शिट्टी होईपर्यंत तिनं ते घोटलं. मग उठून डोक्याला फडकं बांधलं, आणि खाणीकडं उतरणाऱ्या वाटेवर उभ्या असलेल्या मुकादमापुढं जाऊन, त्यानं काही विचारलेलं नसतानाच, त्याच्या डोळ्यांत बघून मोठ्यानं म्हणाली, "बार मोजल्याबिगर आमी उतरनार न्हाई."

मुकादम गोंधळून सरजाबाईकडं बघायला लागला. सरजाबाई दारातून हलली नाही. म्हणाली, "माझ्याकडं काय बघून राहिलाव? ती तुमच्याशी बोलून राहिली."